फ्रीज स्वच्छ झाला, आता डोळ्यांसाठी काय भरायचे?

महिन्यातून एकदा फ्रीज रिकामा करून पुसून काढायची सवय अनेक घरांत आहे. पण पुसलेल्या कप्प्यांत दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच येऊन बसते: दारात कोल्ड्रिंकच्या बाटल्या, मधल्या कप्प्यात सॉस आणि केक, मागे परवाची आमटी आणि खालच्या ट्रेमध्ये सुकलेली मेथी. वस्त्यांमध्ये घरभेटी देताना आम्ही हे नेहमी पाहतो. त्याच घरातला मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी दिवसभर अभ्यासिकेत बसलेला असतो, आई शिवणकाम करते, आजोबांना साखर असते. सगळ्यांचे काम डोळ्यांवर चालते, पण बाजार करताना डोळ्यांचा विचार कुणी करत नाही.

डोळ्यांना नेमके काय लागते?

अंधुक प्रकाशात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की संध्याकाळनंतर दिसेनासे होते, म्हणजेच रातांधळेपणा येतो. दुसरी गरज ल्युटीन आणि झिअॅक्झँथिन या रंगद्रव्यांची. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे ही द्रव्ये साठलेली असतात. शरीर ती स्वतः तयार करत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. याशिवाय ‘क’ जीवनसत्त्व, झिंक आणि माशांतले ओमेगा-३ हेही डोळ्यांच्या उपयोगाचे आहे.

यासाठी महाग डबे किंवा पावडर लागत नाही. मेथी, पालक, राजगिरा, शेवग्याचा पाला, अळू या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, आंबा, पेरू, आवळा, अंडी आणि बांगडा किंवा तारली यांसारखे मासे, एवढ्यात बहुतेक गरज भागते. ‘डोळ्यांसाठी गाजर’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते चुकीचे नाही, पण ल्युटीन गाजरापेक्षा हिरव्या पालेभाजीत कितीतरी जास्त असते. अंड्याच्या पिवळ्या बलकातले ल्युटीन तर शरीराला सहज मिळते. म्हणून बलक काढून टाकू नका. भाजीला थोडे तेल हवेच, कारण ही द्रव्ये स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषली जात नाहीत.

कोणत्या कप्प्यात काय?

फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. पालेभाजी आणली की सडकी पाने आणि मुळे काढा, न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून खालच्या ट्रेमध्ये ठेवा आणि शिजवण्याआधी धुवा. ओली भाजी लवकर कुजते. अंडी दारात ठेवू नका, दार उघडझाप झाल्याने तिथले तापमान सतत बदलते. ती आतल्या कप्प्यात ठेवा. कच्चे मासे किंवा चिकन झाकणाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवा, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर गळणार नाही. एक-दोन दिवसांत शिजवणार नसाल तर फ्रीजरमध्ये ठेवा. अख्खा भोपळा बाहेर टिकतो, कापलेला मात्र झाकून आत ठेवावा. कच्ची पपई, कच्चा आंबा बाहेर पिकू द्या. वीज गेली तर दार बंदच ठेवा, आतला थंडावा साधारण चार तास टिकतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम नजरेचा आहे. जे समोर दिसते तेच खाल्ले जाते. पेरू, पपईच्या फोडी आणि उकडलेली अंडी डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवा. कोल्ड्रिंक तर आणूच नका.

ताटात कोणाच्या येते?

फ्रीज भरला म्हणजे घरातल्या सगळ्यांचे पोषण झाले असे होत नाही. अंडे मुलाला, मासळीचा तुकडा कमावत्याला आणि उरलेला रस्सा आईला, ही वाटणी आजही अनेक घरांत चालते. सून किंवा मुलगी शेवटी जेवते. गरोदरपणात ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच काळात बाईच्या ताटात कमी पडते. समतेची भाषा बोलणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी आधी आपल्या घरातली ही वाटणी मोजावी. एक सावधगिरी मात्र पाळा: कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार जास्त असते, त्यामुळे गरोदर बाईने ती टाळावी. पालेभाजी, भोपळा, अंडी नीट शिजवून चालतात.

लहान मुलांसाठी १९७० पासून देशात ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. पहिला डोस नवव्या महिन्यात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. वस्तीतल्या मुलांचे कार्ड पाहून राहिलेला डोस अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून मिळवून देणे, हे कुणीही कार्यकर्ता करू शकतो.

अन्नाने काय होणार नाही?

पालक खाऊन चष्म्याचा नंबर जात नाही आणि मोतीबिंदू विरघळत नाही. बाजारातल्या ‘डोळ्यांच्या गोळ्यां’बद्दलही स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या २०१३ सालच्या ‘एरेड्स-२’ अभ्यासातला गोळ्यांचा फॉर्म्युला वयोमानाने पडदा खराब होऊ लागलेल्या रुग्णांसाठी आहे, अभ्यासाने डोळे थकलेल्या तरुणांसाठी नाही. मोठ्या मात्रेतले बीटा-कॅरोटीन तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. साखरेने होणारे नुकसान सुरुवातीला दुखत नाही आणि जाणवतही नाही. जाणवते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. संध्याकाळी ठेच लागणारे मूल, किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसणारे मूल त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

या आठवड्याच्या बाजारात दोन जुड्या पालेभाजी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या हिशेबाने अंडी आणि हंगामातले एक पिवळे-केशरी फळ, एवढी यादी करा. अंडी मोजताना आई, बहीण आणि आजी यांना आधी मोजा.