एमएच-१६ आणि पायथन ३

नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. गाड्यांवरचा एमएच-१६ मात्र तोच राहिला. प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती बहुतेकदा अशीच येते. तरी नगरच्या क्लासमध्ये पायथन शिकणाऱ्या पोराला धास्ती वाटतेच, की ‘नवं व्हर्जन आलं, म्हणजे आपलं पुस्तक रद्दीत.’

तसं नाही. पायथनची नवी आवृत्ती आता दर ऑक्टोबरला येते आणि तिच्यात भर जास्त, वजाबाकी कमी. २०२१ च्या ३.१० मध्ये ‘मॅच’ हा शब्द भाषेत आला, पण कुणी आधीच व्हेरिएबलला ते नाव दिलं असेल तर तेही चालू राहिलं. ‘असिंक’चं तसं झालं नाही. तो २०१८ च्या ३.७ मध्ये राखीव शब्द झाला आणि ते नाव वापरणारे प्रोग्राम अडले.

म्हणून ‘जुनं सगळं चालतंच’ हेही खरं नाही. २००८ च्या पायथन ३ ने जुन्याशी नातं जाणूनबुजून तोडलं. प्रिंटला कंस आले. ती चूक निदान लगेच दिसते. सात भागिले दोनचं उत्तर आधी ३ यायचं, आता ३.५ येतं, तेही कसलीच तक्रार न करता. माझ्या मते खरा धोका हा. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

आणखी एक घोळ दिशेचा. जुना जावा प्रोग्राम सहसा नव्या जावावर चालतो. नव्यावर कंपाइल केलेला जुन्यावर चालेल, असं वचन कुणीच दिलेलं नाही. घरच्या लॅपटॉपवर नवीन, लॅबमध्ये जुनं, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी रडारड!

‘सी++ बदललं, आमचे जर्नलमधले प्रोग्राम चालेनात’ ही तक्रार तर भलत्याच पत्त्यावर जाते. आयओस्ट्रीम डॉट एच, व्हॉइड मेन, सीएलआरएससीआर यांतलं काहीच १९९८ च्या सी++ मानकात नव्हतं. त्या टर्बो सी++ च्या काळातल्या सवयी. आपण त्यांनाच भाषा समजून पाठ केलं. त्या जर्नलमधले लूप, ॲरे, फंक्शन आजच्या कंपायलरवरही चालतात. वरच्या दोन-तीन ओळी बदला, शेवटचा गेटसीएच खोडा, आणि चालवून बघा.