श्रद्धा सक्तीनं येत नाही

नगर-जालन्याकडून नवी मुंबईत आलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती आयांची एक काळजी सारखीच असते. आम्ही पेटी-तबल्यावरची भजनं ऐकत वाढलो. आमची मुलं मात्र इंग्रजी शाळेत शिकतात आणि रविवारीसुद्धा क्लासला पळतात.

माझ्या सोळा वर्षांच्या लेकीचं यंदा दृढीकरण व्हायचं होतं. "आई, सगळे करतात म्हणून मी नाही करणार," तिनं सरळ सांगितलं. गावाहून सासूबाईंचा फोन आला, "अगं, लोक काय म्हणतील?" मलाही धास्ती वाटलीच. पोर कायमची दुरावली तर?

तेव्हा लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी लगेच सोवळं सोडलं नाही. स्वतःच्या मनाला पटलं तेव्हाच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केलं. उशिरा आलेली श्रद्धा कच्ची थोडीच होती?

म्हणून दृढीकरण आम्ही पुढे ढकललं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं घरातली प्रार्थना मात्र चालू आहे, मराठीतून. त्यानंतर 'स्मृतिचित्रे'ची दोन पानं वाचतो. लेक अडवून प्रश्न विचारते. काहींची उत्तरं मला येतात, काही पाळकांना विचारावी लागतात. ती हो म्हणेल की नाही, कोण जाणे! पण घरातलं बोलणं तुटू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.