मांजराची माती

मांजर आपली घाण आपणच पुरते, हा त्याचा गुण आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आलो. घरामागे परसू आणि चुलीत राख होती तोवर त्यात काही अडचणही नव्हती. हैदराबादचे हिमायतनगर एकेकाळी बंगल्यांची वस्ती होती. आज तेथे बहुमजली इमारतींची दाटी आहे. चौथ्या मजल्यावरील मांजराला माती मिळावी कोठून? पणजी-मडगावच्या सदनिकांतही तोच प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून 'कॅट लिटर' नावाची विकतची माती घरोघर येऊ लागली आहे.

ही कल्पना अमेरिकेतली. 1947 साली मिशिगन राज्यातील एडवर्ड लो यांनी राखवाळूच्या जागी शोषक चिकणमाती विकावयास आरंभ केला. पुढे ओल लागताच गोळा बनणारी बेंटोनाइट माती आली. आपल्याकडे ती कच्छच्या खाणींतून निघते. सोय मोठी खरी. परंतु ही माती कुजत नाही. हिमायतनगरातून निघालेला तिचा गोळा अखेर जवाहरनगरच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडतो. शौचकूपात टाकावी तर ती नळात फुगून बसते. मग तुंबलेले गटार मोकळे करावयास माणूसच बोलावला जातो. सुरक्षा-साधनांविना माणसाला गटारात उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत.

शिवाय काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरतो. तो संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ करावी आणि गर्भवती स्त्रीने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. पाण्यात घातलेल्या क्लोरीननेही त्याची बीजे मरत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्री ऊदमांजरांच्या मृत्यूंशी शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध जोडला आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण याची दखल घ्यावयास हवी. पिशवीवर काहीही छापलेले असो, ही घाण शौचकूपात टाकू नये.

मग निवड कशी करावी? सुगंधी आणि धूळ उडणारी माती टाळावी; ती धूळ मांजराच्या आणि माणसाच्याही श्वासात जाते. लाकडी भुशाच्या गोळ्या, कागदाचा लगदा, काथ्याचा भुसा हे कुजणारे पदार्थ बरे. सोडणांची रास ज्या प्रदेशात दारोदार पडते, तेथे परक्या खाणीची माती विकत आणणे शहाणपणाचे नव्हे. मात्र हे खत भाजीपाल्याला घालू नये. पेटी धुताना फिनेल वापरू नये. ते मांजराला विषारी असते. कचरा बांधून, वेगळा ठेवून द्यावा.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले, ते सफाईचे ओझे एका जातीच्या डोक्यावरून उतरावे म्हणून. आपल्या घरातील घाणीची विल्हेवाट हे आपलेच कर्तव्य होय, हा त्यांचा आग्रह होता. हौसेने पाळलेल्या मांजराच्या घाणीलाही तो लागू आहे. मांजर आपला वाटा न सांगता उचलते. उरलेला वाटा त्याच्या धन्याचा आहे.