टेराफ्लॉपपलीकडचा कन्सोल

कन्सोल घ्यायचा विषय निघाला की तुलना हमखास एका आकड्यावर येऊन अडते. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप, प्लेस्टेशन ५ चे १०.२८, सिरीज एसचे जेमतेम ४. आकडे खरे आहेत, पण ज्याचे टेराफ्लॉप जास्त तो वापरायला सोयीचा, ही समजूत खरी नाही. ग्राफिक्सची चिप सेकंदाला किती आकडेमोड करू शकते, एवढंच या मापातून कळतं. किती गेम मावतील, लाइट गेली तर काय होईल, कन्सोल बिघडला तर पोराची चार महिन्यांची मेहनत कुठे जाईल, हे त्यातून कळत नाही आणि घरात रोज प्रश्न येतात ते हेच.

२०१७ साली आलेला निन्टेंडो स्विच ताकदीत या तिघांच्याही बराच मागे आहे. टीव्हीवर फार तर १०८०पी, हातात ७२०पी. तरीही तो १५ कोटींहून जास्त विकला गेला. हॉलमध्ये एकच टीव्ही असलेल्या घराला यामागचं एक कारण सांगायला नको. कुणाला मॅच लावायची असली की स्विच टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून उचलायचा आणि आतल्या खोलीत जाऊन तोच खेळ तिथूनच पुढे चालू करायचा. त्याला स्वतःची बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी खेळ शाबूत राहतो. बाकीचे तिन्ही कन्सोल अशा वेळी जागच्या जागी बंद पडतात आणि शेवटच्या सेव्हनंतर खेळलेलं सगळं वाया जातं. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घेताना सोबत यूपीएसचा खर्च धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क विकत घेतली म्हणजे जागेची चिंता नाही, असं अनेकांना वाटतं. जुन्या पिढीच्या कन्सोलांवरून ही समजूत आली असावी. प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्सवर डिस्कवरचा गेम आधी आतल्या एसएसडीवर उतरवावा लागतो. त्यानंतर डिस्कचं काम फक्त किल्लीचं. ती आत असल्याशिवाय गेम उघडत नाही, पण जागा डाउनलोड केलेल्या गेमइतकीच लागते. खोक्यावर लिहिलेली सगळी जागाही आपल्याला मिळत नाही. पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी गेमसाठी उरतात, ५१२ जीबीच्या सिरीज एसवर सुमारे ३६४. मोठे गेम आता १०० जीबीच्या पुढे जातात, म्हणजे असे तीन गेम घातले की सिरीज एस भरला. एक काढून दुसरा उतरवायचा तर १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर, पूर्ण वेग मिळाला तरी, १०० जीबीला सव्वादोन तास लागतात.

मग घरात पडलेली यूएसबी हार्ड डिस्क जोडू, असं वाटतं. ती चालते, पण अर्धीच. मागच्या पिढीचे, म्हणजे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनचे गेम तिच्यावरून थेट खेळता येतात. नव्या पिढीसाठी बनवलेले गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळताना परत आत आणावे लागतात. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते आणि त्या वेगाच्या भरवशावरच हे गेम रचलेले असतात. साध्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही.

जागा वाढवण्यात मला प्लेस्टेशनची पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. बाजूचं पांढरं कव्हर सरकवून काढायचं, आतल्या छोट्या झाकणाचा एक स्क्रू सोडवायचा, हीटसिंक असलेली बाजारातली एम.२ एसएसडी खाचेत बसवून दुसऱ्या स्क्रूने पक्की करायची. घरातला साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. एक्सबॉक्सला मात्र त्याच्यासाठीच बनवलेलं कार्ड लागतं. ते मागे खोचलं की काम झालं, पण मिळतं ते मोजक्याच कंपन्यांचं. स्विचला साधं मायक्रोएसडी चालतं. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, जुन्या कार्डावर त्याचे गेम ठेवता येत नाहीत.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज सेव्हचा आहे. ‘सेव्ह आपोआप क्लाउडवर जातात’ हे वाक्य पूर्ण खरं आहे ते फक्त एक्सबॉक्सबाबत. तिथे ही सोय फुकट आहे, कसलीही वर्गणी नसली तरी. प्लेस्टेशन ५ वर क्लाउडसाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. पेन ड्राइव्हवर कॉपी करता येतात ते फक्त प्लेस्टेशन ४ च्या गेमचे सेव्ह. नव्या गेमचे सेव्ह एका कन्सोलवरून दुसऱ्यावर हलवता येतात, पण त्यासाठी पहिला चालू अवस्थेत असायला हवा! स्विचवरही क्लाउडला वर्गणी लागते, शिवाय काही गेम त्यात येतच नाहीत. आपण खेळून मिळवलेली प्रगती जपून ठेवायला दरवर्षी पैसे मागणं मला अन्यायाचं वाटतं. कन्सोल निवडताना ही गोष्ट ग्राफिक्सच्या आधी विचारावी.

विजेबद्दलही असंच. रिमोटने बंद केलेला कन्सोल पूर्ण बंद असतोच असं नाही. एक्सबॉक्स स्लीपमध्ये ठेवला तर साधारण १० ते १५ वॉट खात राहतो. रोज दोन तास खेळून उरलेले २२ तास असा ठेवला, तर १० वॉट धरूनही महिन्याला साडेसहा युनिट जातात. सेटिंगमध्ये शटडाउनचा पर्याय निवडला की हाच खप अर्ध्या वॉटच्या आसपास येतो. चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, इतकंच. अर्धवट सोडलेला खेळ तिथूनच सुरू करणारं क्विक रिझ्यूम तरीही चालतं, कारण खेळाची स्थिती एसएसडीवर लिहून ठेवलेली असते.

स्टिक आपोआप सरकण्याचा दोष फक्त स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये असतो, हेही चूक. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्येही घासून झिजणारेच सेन्सर आहेत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात म्हणून त्याला जुनाट म्हणतात. पण रिचार्जेबल सेलची एक जोडी जवळ ठेवली की खेळ थांबत नाही. प्लेस्टेशनची बॅटरी आतच बसवलेली, ती थकली की कंट्रोलर उघडण्यावाचून इलाज नाही.

अमेरिकेहून किंवा दुबईहून नातेवाइकांनी आणलेला कन्सोल इथल्या डिस्क वाचत नाही, ही भीती जुनी झाली. या तिन्ही कंपन्यांच्या तिथे विकल्या जाणाऱ्या सध्याच्या कन्सोलवर गेमना प्रदेशाचं कुलूप नाही. सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कना मात्र असू शकतं. प्लेस्टेशनवर गेमची जादा भर, म्हणजे डीएलसी, ज्या प्रदेशाचा गेम त्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावी लागते. वॉरंटी इथे मिळेल का, हे आणण्याआधी विचारून घ्यावं.

आणि बिनडिस्कचा कन्सोल स्वस्त, हे फक्त खरेदीच्या दिवसापुरतं खरं. सिरीज एसवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची सेकंड-हँड डिस्क चालणार नाही, खेळून झालेला गेम विकता येणार नाही आणि मित्राकडून उसनाही आणता येणार नाही. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ च्या सडपातळ डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना कन्सोलला इंटरनेट असावं लागतं.