लोगो आधी की म्हावरं आधी?

छोटा धंदा काढला की घरातूनच पहिला प्रश्न येतो: लोगो केलास का? वरळी कोळीवाड्यात घरचा मसाला विकणारी ताई असो, सुकी मासळी पाकिटात भरून देणारा तरुण असो की रविवारी कोळी जेवणाच्या ऑर्डरी घेणारं जोडपं असो, हाताशी असलेले पहिले पैसे लोगो, व्हिजिटिंग कार्ड आणि वेबसाइट यांवर जातात. तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण त्या कुठल्या क्रमाने करायच्या आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा धरायची, याबद्दल इतके गैरसमज आहेत की पैसे जातात आणि गिऱ्हाईक होतं तेवढंच राहतं.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे लोगो झाला की ब्रँड झाला.

गिरगाव वरळीपासून लांब नाही. तिथे १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये, तेही स्पर्धा घेऊन; बक्षीस होतं ५ रुपये. खरा निर्णय वेगळाच होता. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, त्यातली एक स्वस्त. त्यांना वाट दाखवणारे छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. पाच रुपयांचं नाव देशभर चाललं ते या आग्रहाच्या जोरावर.

कोळीवाड्यात हे कुणाला शिकवायला नको. 'हे आजचं, ते बर्फातलं' असं विचारायच्या आधी सांगून टाकणाऱ्या मावशीकडे माणसं वर्षानुवर्षं जातात. तिच्या टोपलीवर कसलंही चिन्ह नसतं, तरी तिचा ब्रँड तयार असतो. डिझायनरने करायचं ते इतकंच की जो तिला ओळखत नाही त्यालाही माल बघून तीच आठवावी. त्यासाठी एक नाव, एका वळणाची अक्षरं आणि दोन रंग पुरतात. मात्र पाटी, पाकीट, बिल आणि व्हॉट्सॲपचा फोटो या सगळ्यांवर तेच हवेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या गर्दीत नाटक नुसत्या अक्षरांवरून ओळखू यायचं. मासळीच्या धंद्यात तर चित्राचा मोह टाळलेलाच बरा. निळी लाट, तिच्यावरून उडी मारणारा मासा आणि मागे शिडाची होडी, असे दहा लोगो शेजारी ठेवले तर मालकालाही स्वतःचा सापडायचा नाही.

नावाबाबतचा गैरसमज जास्त महागात पडतो. देवीचं किंवा गावाचं नाव घेतलं, पाटी लावली, आता हे नाव आपलं, असं लोक धरून चालतात. कोळी समाजात एकवीरा आईच्या नावाने चालणारे धंदे मोजू म्हटलं तर दमछाक होईल. वरळीत गोलफादेवीचं नाव तितकंच जवळचं. श्रद्धेचा प्रश्न वेगळा, पण ओळखीच्या दृष्टीने असं नाव दुबळं असतं, आणि कायद्यातही. 'रामायण' हे धर्मग्रंथाचं नाव धूप-अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. गावाचं नाव आणि मालाचं नुसतं वर्णन यांनाही १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा सहसा नोंदणी देत नाही. 'कोळी मसाला' किंवा 'वरळी कोळीवाडा फिश' ही नावं म्हणूनच कुणा एकाची होणं अवघड. शेजाऱ्याने तीच पाटी लावली तर अडवणार कसं?

'कोळीवाडा' या शब्दाचंच बघा. देशभरच्या मेनूकार्डांवर जे 'प्रॉन्स कोळीवाडा' दिसतं, ते आलं सायन कोळीवाड्यात फाळणीनंतर येऊन वसलेल्या पंजाबी मंडळींच्या खाण्याच्या दुकानांतून. बेसनाचं आवरण, ओवा, लाल रंग. कोळ्यांच्या घरातल्या कोळंबीशी त्याचा फारसा संबंध नाही, पण नाव गेलं ते गेलं.

मग नोंदवायचं काय? आजीचं किंवा घराण्याचं टोपणनाव, होडीचं नाव, किंवा सरळ एखादा नवा शब्द. अर्ज ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला आणि लहान उद्योगाला त्याचं शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि इथे 'दर वर्गाला' हे शब्द महत्त्वाचे. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. साफ केलेली किंवा सुकवलेली मासळी २९ व्या वर्गात, मसाले ३० व्या, खानावळ ४३ व्या. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नावाशेजारी 'टीएम' कुणीही लिहू शकतो. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणं बेकायदा आहे. डिझायनर तो शोभेसाठी लावून देतात, तेव्हा छापण्याआधी बघून घ्या. गावाच्या नावाची खरोखर राखण करायची असेल तर तीही वाट आहे. मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीसारखी संस्था आपल्या सभासदांसाठी सामूहिक चिन्ह नोंदवू शकते. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेही कुणा एका बागायतदाराला मिळालेलं नाही.

पाटी करायला टाकण्याआधी आणखी एक. राज्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षरं हवीत आणि ती इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. इंग्रजी लोगो आधी करून मराठी नाव कोपऱ्यात कोंबणाऱ्यांना पाटी दुसऱ्यांदा करावी लागते.

पाकिटाबाबतही 'डिझायनर म्हणेल तसं' चालत नाही. बंद पाकिटावर घटक, वजन, किंमत, बनवल्याची आणि वापरण्याची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक लागतो. सोड्यांच्या पाकिटावर मांसाहारी खूण हवी, आणि ती आता तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे. जुने नमुने उचलणारे अजून गोल ठिपका छापतात. मसाल्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका. या मजकुराला जागा सोडून उरेल त्यात सौंदर्य करायचं.

आता वेबसाइट. 'वेबसाइट म्हणजे ऑनलाइन दुकान, तेव्हा टोपलीचं बटण हवंच' हा गैरसमज ओल्या मासळीवाल्याला अक्षरशः बुडवतो. होडी परत येईपर्यंत आज काय मिळालं ते नाखव्यालाही ठाऊक नसतं. भाव रोज हलतो, पापलेटचा आकारावर ठरतो, बोंबील वाट्यावर जातात, आणि जून-जुलैत तर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाच बंदी. अशा मालाला वेबसाइटवर कायमचा भाव चिकटवला की कालच्या दराने आजच्या ऑर्डरी येतात, नसलेल्या हलव्याचे पैसे जमा होतात आणि ते परत करण्यात सकाळ जाते. ओल्या मासळीला एक पान पुरे: काय विकतो, किती वाजल्यापासून, कुठवर पोचवतो, साफ करून देतो का, नंबर काय. रोजची यादी व्हॉट्सॲप बिझनेसवर टाकावी. ते ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात मालाची सूचीही लावता येते.

सुकी मासळी आणि मसाल्याचं गणित उलटं. सुके बोंबील, सोडे, जवळा, करंदी टिकतात, वजनावर विकतात, कुरिअरने पुण्या-नाशिकला जातात. इथे टोपलीचं बटण, पैसे भरायची सोय, पोचवण्याचा खर्च हे सगळं उपयोगी. मसाला उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, डंकावर कुटून एकदाच भरला जातो, म्हणून 'संपला' हे बटणही तितकंच लागतं. आणि वासाबद्दल लिहा! सुकी मासळी घरी कशी येईल, पाकीट किती पदरी आहे, सोसायटीच्या वॉचमनपर्यंत दरवळणार नाही ना, ही शहरी गिऱ्हाइकाची खरी शंका असते. वेबसाइटवर तिचं उत्तर क्वचितच दिसतं. 'गुणवत्तेची परंपरा' मात्र जागोजागी दिसते.

'आमच्याबद्दल' हे पान तसंच वाया घालवलं जातं. वरळीच्या नाखव्यांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्यांना सुरक्षित वाट मिळावी म्हणून लढा दिला. पुलाच्या खांबांमधलं ठरलेलं अंतर ६० मीटर होतं. वरळीच्या जोडपुलाखाली ते वाढवून १२० मीटर करण्याचं डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झालं. मासे त्याच पाण्यातल्या होडीने आणले असतील तर ते लिहायला संकोच कसला? समोरच्या टॉवरमधलं गिऱ्हाईक तो पूल रोज पाहतं.

फोटोंचाही एक गैरसमज आहे, की ते इंटरनेटवरून घेतलेलेच चकाचक दिसतात. बर्फावर मांडलेला गुलाबी सामन आपल्या दर्यात मिळत नाही. रावसाला हॉटेलवाले 'इंडियन सामन' म्हणत असले तरी दोघांचं नातं काही नाही, आणि मांसही तसं दिसत नाही. कोळीवाड्याच्या वेबसाइटवर सामन दिसला की जाणकार गिऱ्हाईक तिथेच पान बंद करतं. सकाळच्या उजेडात, फळीवर ठेवलेलं आपलंच म्हावरं फोनने टिपा आणि फोटो लहान करून चढवा. गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं, आणि गुगलही आता वेबसाइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच जमेला धरतं.

'गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' असा फोन बहुतेक दुकानदारांना येऊन गेला असेल. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गुगलवर धंद्याची नोंद फुकट होते, आणि छोट्या धंद्याला वेबसाइटच्या आधी तीच करावी. नाव पाटीवर आहे तेच द्यायचं. 'बेस्ट फ्रेश फिश वरळी मुंबई' अशी शेपटी जोडली तर नोंद बंद होऊ शकते. घरातून डबे देणाऱ्या ताईंना घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर तो लपवून फक्त कुठवर सेवा देता तेवढं दाखवता येतं. कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांत नकाशाचा ठिपका पलीकडच्या आळीत पडतो, त्यावर 'प्लस कोड' हा उपाय आहे. पत्ता नसलेल्या दारालाही तो नकाशावर मिळतो, तोही फुकट.

मराठी वेबसाइट चालत नाही, मराठी अक्षरं नीट दिसत नाहीत, हे फार पूर्वी खरं होतं. आज युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी कुठल्याही फोनवर दिसते, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' यांसारखे सुबक फॉन्ट फुकट वापरता येतात. चूक होते ती वेगळीच: सगळा मजकूर सुंदर चित्रात लिहून ते चित्र चढवतात. चित्रातली अक्षरं शोधयंत्र भरवशाने वाचत नाही, कॉपी करता येत नाहीत, आणि नंबरवर बोट ठेवलं तर फोन लागत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाका. माशांची नावं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत द्या, कारण कुणी बांगडा शोधतं, कुणी मॅकरल.

'इन्स्टाग्राम आहे ना, मग वेबसाइट कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, आणि सुरुवातीला खरंच गरज नसते. पण दुसऱ्याच्या जागेतलं दुकान कधी उठेल ते आपल्या हातात नसतं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. गुगलनेही धंद्याच्या नोंदीसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या; छापलेल्या कार्डांवरचे ते पत्ते निकामी झाले. म्हणून निदान एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःचा असावा.

स्वतःचा म्हणजे खरोखर स्वतःच्या नावावर. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं, आणि ज्याच्या नावावर व ईमेलवर नोंदलेलं असेल तोच कायद्याने त्याचा धारक. बनवून देणारा भाचा दुबईला गेला किंवा डिझायनरने फोन उचलणं सोडलं, तर नूतनीकरणाची सूचना तुमच्यापर्यंत येतच नाही आणि पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो. तुमची वेबसाइट असेल तर आजच तीन गोष्टी विचारून घ्या: डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याचा ईमेल कुणाचा आहे आणि मुदत कधी संपते. तिन्ही उत्तरं तुमच्याकडे नसतील तर नवा लोगो थांबवा आणि आधी हे नीट करून घ्या.