शाळेच्या आवारातील निवडुंग : काढणे व स्थलांतर

गिरणेच्या खोऱ्यातील देवळा तालुका हा बेताच्या पावसाचा प्रदेश होय. गुरे शिरू नयेत म्हणून बांधावर व परसात निवडुंग लावण्याची रीत अशा भागात जुनी आहे. परंतु वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास हेच कुंपण पसरून खेळाची जागा व्यापते, त्याच्या बुडाशी साप-विंचू आश्रय घेतात आणि मुलांच्या हातापायांत काटे मोडतात. असे झाड काढण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे, हे शिक्षकांनी प्रथम ओळखावे. कारण प्रत्येकाचा धोका निराळा आहे.

ओळख. फड्या निवडुंगाची फडी जाड व चपटी असून बोंडे लाल असतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा काट्यांच्या बुडाशी असलेली केसासारखी बारीक कुसळे अधिक त्रासदायक असतात. शेर व त्रिधारी निवडुंग यांना लोक निवडुंगच म्हणतात. वस्तुतः ही झाडे एरंडाच्या कुळातील आहेत. फांदी मोडताच त्यांतून पांढरा चीक निघतो व तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होऊ शकतो. घायपाताच्या पानांपासून वाख निघतो. पण त्याच्या रसाने अंगाची आग होते व पानाचे टोक डोळ्याच्या उंचीवर येते.

पसरण्याचे कारण. फड्या निवडुंगाचे तोडलेले फडे मातीवर पडले की तेथेच मूळ धरते. म्हणून नुसती तोड करणे म्हणजे लागवड करण्यासारखेच आहे. या झाडाचा इतिहासही बोधप्रद आहे. किरमिजी रंग देणारा किडा भारतात वाढवावा, या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात निवडुंगास उत्तेजन मिळाले. 1795 साली ब्राझीलहून जो किडा आणला गेला, तो खरा किरमिजी किडा नव्हता. त्याने चांगल्या प्रतीचा रंग दिला नाही, मात्र निवडुंगाची एक जात फस्त केली. दुसऱ्या जातींना त्याने स्पर्शही केला नाही. त्यांच्यासाठी 1926 साली सिंहलद्वीपातून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला व त्याने थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातील मोठे क्षेत्र मोकळे केले. ऑस्ट्रेलियात हेच कार्य 1925 साली अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळीने केले.

काढण्याची रीत. काम कोरड्या दिवसांत, शक्यतो सुटीत, जाणत्या प्रौढांकडून करवावे. विद्यार्थ्यांना त्यास लावू नये. जागेच्या हद्दीविषयी वाद नको म्हणून शाळा व्यवस्थापन समिती व शेजारी यांना आधी कळवावे. अंगभर कपडे, जाड हातमोजे, पादत्राणे व डोळ्यांस चष्मा असावा. प्रथम काठीने बूड हलवून सर्पादिकांची खात्री करावी. वरून एकेक फडे कोयत्याने उतरवून लांब दांड्याच्या चिमट्याने गोणपाटावर घ्यावे. नंतर पहार व कुदळीने बुंधा मुळासकट उपटावा. पडलेला तुकडा न् तुकडा वेचून तीन-चार फूट खोल खड्ड्यात पुरावा. नाल्यात टाकल्यास पुराबरोबर तो खालच्या शेतांत जाऊन रुजतो. चिकाची झाडे जाळू नयेत. धूर डोळ्यांस झोंबतो.

स्थलांतर. झाड उपयोगी वाटल्यास सबंध जुने झाड हलविण्याचा खटाटोप करू नये. निवडुंगाची सशक्त फडी कापून सावलीत एक-दोन आठवडे ठेवावी. जखम सुकली की निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत लावावी व पहिला आठवडा पाणी देऊ नये. ओल्या जखमेतून सड शिरते. घायपाताचे बुडाशी आलेले लहान फुटवे न्यावेत. थोरले झाड एकदाच फुलते व नंतर मरते. नवी जागा मुलांच्या वाटेपासून दूर, हद्दीवर असावी.

प्रथमोपचार. कुसळे लागल्यास ती जागा चोळू नये. चोळल्याने ती आत मोडतात. बारीक चिमट्याने एकेक काढावीत. डोळ्यांत चीक गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. बरे वाटले तरी दवाखाना टाळू नये.

पाठाकरिता. काढलेल्या निवडुंगातून परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ घेता येतो. शिक्षकांनी स्वतः काटे काढून कापलेले एक फडे दाखवावे : हिरवा भाग हा पानाचा नव्हे, तर खोडाचा, काटे ही पानांची बदललेली रूपे, आतील गर हा पाण्याचा साठा. पाणी जपणारी ही रचना अवर्षणाच्या प्रदेशातील मुलांना सहज समजते. परदेशातून आणलेले झाड व त्यामागून आणलेला किडा यांची हकीकत सांगितल्यास, कोणतीही वनस्पती वा प्राणी नव्या भूमीत नेण्यापूर्वी विचार करावा लागतो, हेही त्यांच्या मनावर ठसेल.