देशभेद, हिरडा आणि बदलते हवामान

शहाडहून मुरबाडकडे जाणारा रस्ता पुढे माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात प्रवेश करतो. या एकाच वाटेवर कोकणची दमट हवा, घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस आणि त्यापलीकडील पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश भेटतो. आनूप व जांगल देशांतील भेद समजण्यास याहून जवळचे उदाहरण आम्हांस सुचत नाही.

द्रव्याचे नाव एक असले, तरी देशपरत्वे त्याचे गुण बदलतात, हे आपल्या शास्त्रास नवीन नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीतून व कोणत्या काळी घ्यावी, याचा विचार आहे. निघंटुग्रंथांत हरीतकीचे सात प्रकार उत्पत्तिस्थानांसह दिले आहेत; विजया विंध्यातील, तर जीवंती सौराष्ट्रातील.

आधुनिक वनस्पतिशास्त्रात १९२२ साली स्वीडनच्या ट्यूरेसन यांनी स्थानिक परिस्थितीशी जुळलेल्या अशा प्रकारांना 'इकोटाइप' ही संज्ञा दिली. पुढे कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक व हीसी यांनी किनाऱ्यापासून उंच पर्वतापर्यंतच्या एकाच जातीच्या वनस्पती एकाच बागेत वाढविल्या. उंचावरून आणलेली झाडे सखल भागातही बुटकीच राहिली. म्हणजे काही फरक जमीन-पाण्यामुळे पडतो, तर काही बीजातच असतो.

हवामानबदलाच्या दृष्टीने हा बीजगत फरक फार महत्त्वाचा आहे. हिरडा भारतभर आढळतो, म्हणून तो कोणतीही उष्णता सोसेल, हे अनुमान फसवे होय. प्रत्येक ठिकाणचा वृक्षसमूह तेथील पाऊस-उष्णतेशी जुळलेला असतो आणि वृक्षांच्या पिढ्या सावकाश बदलतात. उलट, कोरड्या सीमेवरील समूहांत उद्याच्या हवामानास उपयोगी पडणारे बीज असू शकते. एक समूह नष्ट झाला, की जाती उरते, पण तो गुण जातो.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगाव भागातील हिरड्याची मोठी हानी केली. बाळहिरडा गोळा करून चार पैसे मिळविणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे त्यात नुकसान झाले. अशा जागी कोठूनही आणलेली रोपे लावल्यास झाडांची संख्या भरेल, देशगुण भरून येणार नाही.

म्हणून औषधी निर्मात्यांनी खरेदीच्या नोंदवहीत द्रव्याच्या नावापुढे संग्रहाचे स्थान व महिना लिहावा, आणि लागवडीस साहाय्य करताना स्थानिक बीजाचा आग्रह धरावा, अशी आमची विनंती आहे. वैद्यबंधूंनीही द्रव्य घेताना 'कोठले?' हा प्रश्न विचारावा. ग्रंथकारांनी तो आपल्याआधीच विचारून ठेवला आहे.